डोळ्यावर पट्टी बांधून पाहिलेलं ठाणं

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं ठाण्याला जाऊन आलो. ठाणं हे काही कुणी हौसेनं बघायला जावं असं गाव नव्हे. मुंबईला जाणारी माणसं ते गाडीच्या खिडकीतून बघतात आणि पुढं जातात. पण परत आल्यापासून आमच्या मंडळीतल्या बाया मला एकच विचारतात, "तिथं काय काय पाहिलंत?" खरं सांगायचं तर निम्मा मुक्काम मी काहीच पाहिलं नाही. तरी जे ऐकलं, चाखलं, हातांनी चाचपलं आणि शेवटी एका डोळ्यानं पाहिलं, ते घाटाखाली कधी न गेलेल्या माझ्या बहिणींसाठी लिहिते.

मी नाशिकजवळच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत मुलींची शाळा चालवते. दोन-तीन वर्षांपासून माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. आधी दिव्याभोवती कडं दिसे, मग माणसांचे चेहरे ताकात बुडाल्यासारखे झाले. एक दिवस वर्गात वाचून दाखवायला पुस्तक उघडलं, तर पुढं बसलेली एक मुलगी उठली आणि काही न बोलता तिनं माझ्या हातातलं पुस्तक सुलटं करून दिलं. त्या संध्याकाळी मी घरी येऊन यांना म्हटलं, "आता काहीतरी करायला हवं."

हे सुतार. हात जितका बोलका, तोंड तितकं मुकं. "बरं," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पेटीला नवा कडीकोयंडा बसवायला घेतला. प्रवास ठरला हे मला त्या हातोडीच्या आवाजावरून कळलं.

कल्याण

माझी शाळेतली मैत्रीण सगुणाबाई कल्याणला असते. तिचे यजमान रेल्वेत आहेत. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यातले गोरे डॉक्टर मोतीबिंदू काढतात हे तिनंच कळवलं होतं, म्हणून पहिला मुक्काम तिच्याकडे.

घाट उतरला तशी हवा बदलली. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा, चुलीच्या तोंडाशी बसल्यासारखा. इथला ओला. लुगडं अंगाला चिकटून बसलं, आणि वाऱ्याला चिखलाचा, मिठाचा असा वास यायला लागला. मी यांना विचारलं, "बाहेर काय दिसतंय?"

"डोंगर."

"कसा आहे?"

"उभा आहे."

पुन्हा थोड्या वेळानं विचारलं, तर म्हणाले, "झाड." कसलं झाड, तर "मोठं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाच्या डोळ्यांनी जग बघायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि ते जग फारच थोडक्यात आटपत होतं. मला हसू आलं आणि मनातून रडूही आलं.

सगुणाबाईनं तांदळाची भाकरी वाढली. आमची बाजरीची भाकरी हातात घेतली की जाणवते; ही इतकी मऊ की पानावर आहे की नाही ते चाचपावं लागे. सोबत सुकटीची चटणी. वास नाकात गेला तशी मी मागं सरले, पण एक घास खाल्ल्यावर दुसरा आपणहून घेतला. सगुणाबाई म्हणाली, "रिबका, तू भिऊ नकोस हं. विश्वास ठेव म्हणजे झालं."

मी "हो" म्हटलं. हेच वाक्य मी स्वतः किती आजारी बायांच्या उशाशी बसून बोलले असेन! त्या दिवशी ते माझ्या अंगावर पडलं, आणि घट्ट आवळून बांधलेल्या गाठोड्यासारखं वाटलं. आत काय आहे, ते दिसेना.

ठाणे

कल्याणहून ठाण्याला जाताना आगगाडी मुंब्र्याच्या डोंगराखाली बोगद्यात शिरते. डब्यातली सगळी माणसं एकदम गप्प झाली. एक म्हातारा "अरे अरे" करत आपली काठी चाचपू लागला. तेवढ्यापुरते आम्ही सगळे सारखेच होतो. बाहेर आलो तशी सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली, आणि मी मात्र तिथंच राहिले.

दवाखान्यात बायकांची खोली तापाच्या रोग्यांनी भरली होती. तिथल्या कंपाउंडरनं सांगितलं, "पलीकडच्या आळीत कातरीनबाय म्हणून आहेत, ख्रिस्ती आहेत. त्या रोग्यांना ठेवून घेतात. डॉक्टर येऊन पट्टी बघतील."

ख्रिस्ती म्हटल्यावर मी निश्चिंत झाले. पण ही मंडळी आमच्यासारखी नव्हती. पोर्तुगिजांच्या काळापासून रोमी पंथात असलेली ही कुळं. शेती करतात, खाडीत जाळी टाकतात, ताडी काढतात. बायका कोळणींसारखं लुगडं नेसतात, बोली कोळ्यांचीच, आणि देवळाला इगर्ज म्हणतात. घरात शिरताच मेणाचा वास आला. भिंतीवर मारियेची तसबीर आहे आणि तिच्यापुढं मेणबत्ती जळते आहे, असं यांनी माझ्या कानात सांगितलं. आमच्याकडे मूर्तीपुढं दिवा लावणं हे सोडूनच तर आमच्या आईबापांनी बाप्तिस्मा घेतलेला. मी उंबऱ्यातच थबकले.

"ये गो बाय, बस," एक जाड, खरखरीत आवाज आला. "घर तुजाच हाय. पेज खाशील क भाकर?"

त्या आवाजावरून मी मनाशी ठरवलं की कातरीनबाय उंच, थोराड बाई असणार.

घरात तिचा नवरा नतालबाबा खाटेवर पडून असे. तरुणपणी ताडावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. ही माणसं ड ऐवजी र म्हणतात, त्यामुळं तो सांगे, "मी तारावरनं परलो." मला पहिल्यांदा वाटलं, तारायंत्राच्या तारेवर हा कशाला चढला होता! म्हातारा तापट. कावळ्यांना शिव्या देई, कालवणात मीठ कमी म्हणून बायकोवर खेकसे, आणि संध्याकाळ झाली की त्याच तोंडानं घरच्यांची आणि शेजाऱ्यांची माळेची प्रार्थना चालवी. तिला ते तेर्स म्हणतात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी भिंगातून माझे डोळे बराच वेळ तपासले. त्यांचे मदतनीस, एक मराठी गृहस्थ, मला समजावून सांगू लागले. डाव्या डोळ्यात काचबिंदूही आहे, तो डोळा गेला. त्याला हात लावण्यात अर्थ नाही. उजव्याला कापून पाहता येईल. बहुधा दिसेल.

"आणि नाही दिसलं तर?" मी विचारलं.

"तर आता जेवढा उजेड-अंधार कळतो आहे, तेवढाही राहणार नाही. विचार करून उद्या सांगा."

आम्ही तिथून निघालो ते टेंभी नाक्यावरून चालत तळ्यापाशी आलो. पाण्यावरून वारा येत होता. दगडी पायऱ्यांवर कुणी धुणं आपटत होतं. ताडगोळेवाला ओरडत गेला, तेव्हा यांनी चार ताडगोळे घेतले आणि सोलून माझ्या हातावर ठेवले. गार, लिबलिबीत, आत गोड पाणी. आमच्याकडे हे फळ मिळत नाही. एरवी मला ते फार आवडलं असतं.

"काय करू या?" मी विचारलं.

"तू म्हणशील ते."

मला राग आला. "मी म्हणेन ते, मी म्हणेन ते! डोळा माझा असला तरी पुढचं आयुष्य दोघांचं आहे ना? तुमच्या मनात काय आहे ते एकदा तरी सांगा."

यांनी हातातली सालं खाली ठेवली. मग हे म्हणाले, "मला भीती वाटते."

लग्नानंतर आमची दोन मुलं देवाघरी गेली. एकदा घर जळालं. तेव्हाही या माणसाच्या तोंडून हे शब्द मी ऐकले नव्हते. मी समजत होते की हे भीत नाहीत. त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा मोठा आहे म्हणून हे गप्प असतात. त्यांचा हात धरला तर तो ताडगोळ्याच्या पाण्यानं चिकट झालेला होता.

"मलाही वाटते," मी म्हटलं. "मग काय, आपण दोघं घाबरलेलेच जाऊ. निर्भय होऊन या, अशी देवानं अट घातलेली नाही."

हे बोलताना मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. पण बोलल्यावर छातीवरची गाठ थोडी सैल झाली. तिथंच पायरीवर बसून आम्ही प्रार्थना केली. फार शब्द नव्हते.

त्या संध्याकाळी मी नतालबाबाला विचारलं, "बाबा, पडताना तुम्ही देवाला हाक मारलीत का?"

"मारली नी! वरनं खाली येतंवर दुसरा काय नावच तोंडात येय ना."

"आणि देवानं झेललं?"

म्हातारा खो खो हसला. "झेललं कुटं गो? कंबर मोरली नी माजी!" मग हसू थांबलं. "पन बाय, मी भुईवर परलेलो, हालता येय ना, बोंब मारता येय ना. आनी तो माजे बाजूला व्हता. मना वाटायचं देव वर रेतो. त्या दिवशी समजलं, खाली पन रेतो."

कातरीनबाय आतून म्हणाली, "मंग मिठावरनं कनाला भांडतस?"

"ती गोष्ट येगली," म्हातारा म्हणाला.

शस्त्रक्रियेचं मी फार लिहीत नाही. वाचणाऱ्यांच्या अंगावर काटा येईल. डोळ्यात कसले तरी थेंब घातले, त्यानं डोळा लाकडासारखा बधिर झाला. पण मी जागी होते, सगळं कळत होतं. साहेब मोडक्या मराठीत म्हणत होते, "हलू नको, बाई. फार चांगला." हे दाराशी उभे होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग एकदम काहीतरी निघालं, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, एक निळी-पांढरी झळाळी दिसली. लगेच दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली गेली.

मदतनिसांनी नियम सांगितले. उताणं पडून राहायचं. मान हलवायची नाही. चावायचं नाही, पेज प्यायची. खोकायचं नाही, शिंकायचं नाही. आणि रडायचं तर मुळीच नाही. जखमेची शिवण नसते, जोर लागला की ती उघडते आणि डोळा वाहून जातो.

डोलीतून मला कातरीनबायच्या घरी आणलं. ती लाल उकड्या तांदळाची पेज करी आणि चमच्यानं भरवी. आमच्याकडे पेज म्हणजे आजाऱ्याचं खाणं, तोंड वाकडं करून गिळायचं. इथं धडधाकट माणसंही सकाळी पेज पिऊनच कामाला जातात. मीठ घातलेली, किंचित करपट वासाची ती पेज मला इतकी गोड लागली की घरी आल्यावरही मी करते, आणि हे काही न बोलता पितात.

मग एक संकट आलं, आणि तेही अगदी हास्यास्पद रूपात. वैशाखात या आळीत वर्षाचा मसाला करतात. उन्हात मिरच्या वाळवायच्या, मोठ्या कढईत भाजायच्या, आणि लाकडी उखळीत मुसळांनी कुटायच्या. शेजारच्या हिरू नाखव्याच्या घरी, ही हिंदू कोळी मंडळी, त्या सकाळी कढई चढली. आधी नाकात झिणझिण्या आल्या, मग घसा खवखवला. आणि मग शिंक येऊ लागली.

मी नाकाच्या मुळाशी बोट दाबून धरलं. ती मागं गेली, पुन्हा आली. दारात सिंह उभा असल्यासारखी मी एका शिंकेला भीत होते. "अहो!" मी कशीबशी हाक मारली.

हे उठून धावले. अनोळखी माणसाशी रस्ता विचारायलाही लाजणारा हा माणूस आळीत उभा राहून मोठ्यानं ओरडला, "बायांनो, कृपा करून थांबा! माझ्या बायकोला शिंक येता कामा नये!"

आळीत बायकांच्या हसण्याचा असा लोट उठला की मला आतपर्यंत ऐकू आला. तरी हे हलले नाहीत. त्यांनी डोळा, जखम, सगळं सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. हसणं विरलं. कातरीनबायनं ओलं फडकं आणून माझ्या नाकावर धरलं. बाहेर नाखव्याची बायको म्हणाली, "उतरवा गो कढई. मसाला काय, परवा पन होईल."

पण तो परवा आला नाही. माझी पट्टी सुटेपर्यंत त्या आळीत कुणी मिरची भाजली नाही. दारोदार मिरच्या वाळून कडकडीत होत होत्या, आणि बायका रोज सकाळी त्या पसरून संध्याकाळी पुन्हा गोळा करत होत्या. त्यांत ख्रिस्ती होत्या आणि हिंदूही. मी कोण, कुठली, हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊकही नव्हतं.

त्याच दिवशी दुपारनंतर डोळा दुखायला लागला. आधी ठणका, मग आत कुणी तापलेला खिळा फिरवावा तसं. शिंक दाबताना जोर लागला असेल, जखम उघडली असेल, डोळा गेला असेल, हे एकच मनात घोळू लागलं. डॉक्टर दौऱ्यावर गेले होते. मदतनीस आले, त्यांनी वरून पट्टी चाचपली, आणि पट्टी आता उघडणं धोक्याचं आहे, वाट बघायला हवी, असं म्हणून गेले.

मी स्तोत्र आठवू लागले. मुलींकडून वर्षानुवर्षं पाठ करून घेतलेली स्तोत्रं, आणि त्या वेळी एकही ओळ येईना. जिथं ती असायची तिथं मोकळी भिंत. रडू येत होतं आणि रडायची बंदी होती. माणसाला दुःख द्यावं आणि अश्रूही काढून घ्यावेत, ही काय तऱ्हा, असं मी मनातल्या मनात देवाला विचारलं. रागानं विचारलं.

दिवेलागणीला तेर्स सुरू झाली. नतालबाबा पुढं म्हणे, बाकीचे मागं. तेच शब्द पुन्हा, पुन्हा, पुन्हा. लहानपणापासून मला शिकवलं गेलं होतं की ही पोकळ बडबड आहे. मारियेची प्रार्थना मी त्या दिवशीही म्हटली नाही, आजही म्हणत नाही. पण मी ऐकत राहिले. जिना उतरताना अंधारात कठड्यावरून हात फिरवावा तसं त्या शब्दांवरून मन फिरत गेलं. मध्येच प्रभूची प्रार्थना आली. तिच्यातले शब्द आमच्यापेक्षा थोडे निराळे, पण मी माझ्या शब्दांत त्यांच्यात मिसळले. ओठ हलवायची भीती होती म्हणून नुसत्या श्वासानं.

काही चमत्कार झाला नाही. ठणका होताच. पण माझ्या ध्यानात आलं की मघापासून मी देवाला धरून ठेवण्याचा आटापिटा करते आहे, जणू माझे हात सुटले की मी पडणार. आणि मी तर खाटेवर उताणी पडले होते! पडायला जागाच उरली नव्हती. माझ्या पाठीखाली खाट होती, खाटेखाली भुई, आणि भुईच्याही खाली तो होता. मी म्हटलं, "प्रभू, मी इथं आहे. स्तोत्र आठवत नाही." एवढंच. मग झोप लागली. जाग आली तेव्हा कोंबडा आरवत होता, ठणका कमी झाला होता, आणि यांचा हात माझ्या मनगटावर होता. ते बसल्या बसल्या झोपले होते.

पट्टी सुटायच्या दिवशी डॉक्टर स्वतः आले. दार-खिडक्या लावून घेतल्या, एक फट ठेवली. आधी नुसता पाणीदार उजेड दिसला. मग त्यात एक आकार आला, मग त्या आकाराला दाढी आली. दाढी पांढरी होती.

"तुम्ही म्हातारे झालात की!" मी म्हटलं.

"झालो," हे म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मग कातरीनबाय पुढं आली. उंच, थोराड? छे! माझ्या खांद्याला लागेल एवढी बुटकी, वाळल्या बोंबलासारखी बाई. एवढा आवाज त्या कुडीत राहत कुठं होता कोण जाणे. आणि मी रोडका म्हणून कल्पिलेला नतालबाबा हा खाटेत न मावणारा, छातीनं भरदार गडी. त्यानं माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "कसा दिसतो मी?"

"आवाजापेक्षा बरे दिसता," मी म्हटलं. म्हाताऱ्याला ते फार आवडलं. तोच बाहेरून नाखव्याची बायको ओरडली, "उघरला क डोला? मंग आता भाजू क मिरची?" आणि दुपारी सगळी आळी शिंकत होती. मला तेवढा वेळ तळ्याकाठी नेऊन बसवलं होतं.

खाडीतून डोंबिवली

परतीला आगगाडी नको, असं डॉक्टरांनी बजावलं. इंजिनाच्या कोळशाचा कण डोळ्यात गेला तर सगळं फुकट. तेव्हा हिरू नाखवा म्हणाला, "माजी होरी कल्यानला जातेच हाय." त्याच्या होडीत सुक्या मासळीच्या पाट्या होत्या. एका पाटीवर घोंगडी घालून मला बसवलं. डोळ्यांवर हिरव्या कापडाची झापड, नाकात बोंबलांचा वास, आणि भरतीबरोबर होडी निघाली.

मी देशावरची बाई. पाणी म्हणजे विहीर, नाहीतर उन्हाळ्यात आटणारी नदी, एवढंच ठाऊक. इथं पाणी उलट चढत होतं, समुद्राकडून डोंगराकडे. झापडेखालून जेवढं दिसे तेवढं मी आधाशासारखं बघत होते. मिठागरांतले पांढरे ढीग, काठची चिखलात बोटं रोवून उभी असलेली झाडं, चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे, मुंब्र्याचा उघडा, तापलेला डोंगर. हे मला दाखवू लागले, "ते बघ, खंड्या. निळा. शेपटीला थोडी हिरवी झाक आहे." मी खंड्याऐवजी त्यांच्याकडेच बघत राहिले.

डोंबिवलीच्या काठाला ओहोटी लागली आणि होडी चिखलात बसली. पुन्हा भरती येईपर्यंत थांबणं आलं. यांच्या खांद्यावर हात ठेवून मी उतरले, तो चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले आणि एक चप्पल खाडीला देऊन वर आले. डोंबिवली म्हणजे भातखाचरं, थोडी कौलारू आणि पुष्कळशी गवती घरं, आणि चिंचेची झाडं. आगरी वस्ती. एका घरच्या बाईनं पाय धुवायला पाणी दिलं आणि गूळ-खोबरं पुढं ठेवलं. हिरू नाखव्यानं तोवर सगळ्यांना सांगून टाकलं होतं की साहेबानं या बाईचा डोळा उघडला.

बघता बघता बायका जमल्या. त्यांतून एक म्हातारी सुनेचा हात धरून पुढं आली. तिच्या दोन्ही बुबुळांवर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी पांढरी झाक होती. माझ्या समोर बसून तिनं माझा चेहरा हातांनी चाचपला.

"तुजे डोल्यान सुरी घातली?"

"घातली."

"दुकला?"

"तेव्हा नाही. मागाहून दुखलं. फार दुखलं."

सून कुजबुजली, "सांगू नका ओ असं, ती दवाखान्यान येयाची नाय मग." पण म्हातारीनं तिला गप्प केलं. तिचं नाव ठकूबाय.

"भ्यालीस?"

माझ्या जिभेवर जुनं उत्तर आलं होतं, भिऊ नका, विश्वास ठेवा. ते मी गिळलं. "खूप भ्याले. हेही भ्याले. पण आम्ही एकटे नव्हतो. देव जवळ होता. भीती गेली नाही, ठकूबाय, पण भीतीतही बसायला जागा मिळाली."

म्हातारीनं आपले हात एकमेकांवर घासले. मग तिनं जे विचारलं, ते मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं.

"तुजा देव मना वलखंल का गो? मी त्याला कदी हाक मारली नाय."

चिंचेखाली सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. उत्तरं माझ्यापाशी पुष्कळ होती. प्रश्नोत्तरांची पुस्तकंच्या पुस्तकं पाठ होती. पण तिचा चेहरा असा वर उचललेला, त्या दोन पांढऱ्या बुबुळांसकट, की मला पुस्तकातलं काही बोलवेना.

"ओळखतो," मी म्हटलं. "तुम्ही हाक मारायच्या आधीपासून ओळखतो."

"मंग मी मारून बगंन," ती म्हणाली. खरेदीला आलेल्या बाईनं भाव ऐकून घ्यावा तशी सावधपणे म्हणाली. मी तिचा हात धरून तिच्यासाठी प्रार्थना केली, मराठीत, साध्या शब्दांत. शेवटी आमेन म्हणाले, तेव्हा तिनं विचारलं, "झाला?" मी म्हटलं, "झालं." यांनी तोवर सुनेला बाजूला घेऊन दवाखाना कुठं, कुणाला भेटायचं, कातरीनबायचं घर कुठल्या आळीत, सगळं दोनदा समजावून सांगितलं होतं.

पाणी चढलं. होडी हलली. बायका काठावर उभ्या होत्या. ठकूबायही हात हलवत होती, पण होडी होती त्याच्या जरा डावीकडे, मोकळ्या पाण्याला. सुनेनं तिला खांद्यांनी धरून आमच्या बाजूला वळवलं.

कल्याणला दुर्गाडीच्या बुरुजाखाली उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. सगुणाबाई वाट बघत होती. पुढचं सगळं बैलगाडीनं घाट चढून घरी परतण्याचं. ते सांगण्यासारखं नाही. आता मला जाड भिंगाचा चष्मा आहे, एका डोळ्यानं मी वाचते, मुलींच्या पाट्यांवरची अक्षरं तपासते. डावा डोळा बंदच राहिला.

ठकूबाय ठाण्याला गेली की नाही, गेली असेल तर तिला दिसू लागलं की नाही, मला कळलेलं नाही. सगुणाबाईला विचारलं, तिलाही काही समजलं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही दोघं तिचं नाव घेतो, आणि अलीकडे माझ्या आधी हेच ते नाव घेतात. ज्यांनी इथवर वाचलं, त्या माझ्या बहिणींनीही आज निजण्यापूर्वी एकदा घ्यावं. डोंबिवलीच्या खाडीकाठची ठकूबाय. नाव सोपं आहे, आठवण राहील.